शिलाईमशीनमागचा पाहुणा

२ सप्टेंबर

उंदीर नाही! शिलाईमशीनमागून निघाला, थबकला, मला पाहून परत आत. जावई म्हणाले, "बाबा, शेपूट आहे, मिशा आहेत, आणखी काय दाखला हवा?" चाळीस वर्षं कपडे बेतले मी — इतक्या निमुळत्या नाकाचा उंदीर कुणी बेतलेला पाहिला नाही.

४ सप्टेंबर

वाचनालयातून या देशातल्या प्राण्यांचं जाडजूड पुस्तक आणलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. हा कांगारूच्या गोतातला निघाला — एवढासा जीव नि केवढं खानदान. उंदराचे पुढचे दोन दात म्हणजे कात्री, जन्मभर वाढणारी, म्हणून सारखं कुरतडायचं. याच्या तोंडात टाचण्यांची रांग. उंदराचा कान गुळगुळीत, याचा कडेनं चुरगळलेला, इस्त्री राहून गेल्यासारखा. मादीच्या पोटाला पिशवी, तीही नावाला — नुसती दुमड; पिल्लं तिथंच उघड्यावर लटकून वाढतात.

लेकीला दाखवलं. "छान आहे हं, बाबा," म्हणाली नि फोनवर बोलत राहिली.

५ सप्टेंबर

रात्री बशीत ब्रेडचा चुरा ठेवला होता. सकाळी बशी लख्ख. लेकीच्या घरी मीच पाहुणा, आणि माझ्याकडे कुणीतरी जेवून गेलं.

आता रोज ठेवायचा.

९ सप्टेंबर

पिठाची पिशवी कुरतडलेली. जावयांनी उंदीर पकडणाऱ्याला फोन लावला. लेक मला बोलली.

१० सप्टेंबर

उंदीर पकडणारा आला. बॅटरी मारून कोपरे पाहिले, लेंड्या पाहिल्या. "काका, तुमचं बरोबर. जावयांचंही बरोबर. दोन्ही आहेत. तुमचा तो किडे खातो, ब्रेडला तोंड लावत नाही. उंदीर नवे आहेत, चुऱ्यावर आलेत. कुणी वाढलं?"

मी चष्मा पुसत बसलो.

त्यानं चिकट पाट्या मांडल्या. माझ्या पाहुण्याला वगळता येईल का, विचारलं. "पाटी काय नाव विचारून चिकटते, काका?" जावई हसले. लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे."

कोणत्या तोंडानं बोलू? करावं तसं भरावं म्हणतात. इथं केलं मी —

११ सप्टेंबर

दोन उंदीर. मशीनमागची पाटी रिकामी.

१२ सप्टेंबर

मशीनमागच्या पाटीवर ती. हो, ती. जिवंत आहे. तेल लावून पाय सोडवले, पोट सुटेना. पोटाखाली पिल्लं, तांदळाएवढी, तिला घट्ट धरून.

उंदराची पिल्लं असती तर मागं बिळात तरी राहिली असती.