गळाला लागलेली मी

सोमवार, ४ मार्च

फसले. मी! ‘मेलबॉक्स भरला आहे, दुपारपर्यंत ही लिंक दाबून खात्री करा, नाहीतर खातं बंद.’ समोर पेशंटची रांग — मेल बंद पडला तर रक्ताचे रिपोर्ट पाठवायचे कसे? दाबलं. पान हुबेहूब आमच्या लॅबचं. पासवर्ड टाकला आणि पान कोरं झालं. मग कुठे पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. लॅबच्या नावाला भलतंच शेपूट.

उठले, सगळ्यांसमोर कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं. त्याने तिथल्या तिथे पासवर्ड बदलायला लावला, खातं सगळीकडून लॉग-आउट केलं. म्हणाला, “लगेच सांगितलंत म्हणून निभावलं.”

मंगळवार, ५ मार्च

मासा आला. साहेबांची टूम — जो असल्या खोट्या मेलच्या गळाला लागेल त्याच्या टेबलावर कापडी मासा, पुढचा सापडेपर्यंत. आजवर अकाउंटच्या काकांकडे होता. इतकी थट्टा झाली की काकांनी आमच्यात जेवणंच सोडलं. आज साहेब स्वतः घेऊन आले, मागून टाळ्या. सगळ्यात मोठ्याने रिसेप्शनवाली हसली. मैत्रीण म्हणे माझी!

त्यांना वाटलं, मी ड्रॉवरमध्ये लपवीन. छे. दारातून दिसेल असा मांडला. चोरी केली चोराने, मान मी का खाली घालू?

गुरुवार, ७ मार्च

नवरा म्हणतो, “तोंड बंद ठेवलं असतंस तर कुणाला कळलं असतं?” चोराला तेच तर हवं असतं. रागात भाजीत मीठ दोनदा पडलं. तशीच वाढली.

सोमवार, ११ मार्च

वाईट झालं. एका पेशंट बाईंना धमकीचा मेल आला, त्यांचाच रिपोर्ट जोडून — पैसे द्या, नाहीतर हा सासरी पाठवू. बाई काउंटरला धरून उभ्या होत्या. साहेब तडक माझ्याकडे. “बघा तुमचे प्रताप. राजीनामा लिहून ठेवा.”

नाही लिहिणार! म्हटलं, साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. रिपोर्ट कुणाच्या खात्यातून गेला ते आधी बघा. कॉम्प्युटरवाला उद्या नोंदी काढणार आहे.

बाईंना बाजूला बसवलं. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, मेल पुसू नका. पोलिसांत मी येते सोबत. साहेब ‘लॅबची बदनामी होईल’ म्हणत राहिले, मी पर्स उचलली आणि निघाले. नोकरी गेली तर गेली. तक्रार नोंदवून घेतली. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, “घरी काय सांगू?”

मंगळवार, १२ मार्च

सकाळी जिन्यात रिसेप्शनवाली वाट बघत होती. डोळे सुजलेले. “माझ्या खात्यातून गेलाय तो रिपोर्ट. मीही दाबलं होतं, तुझ्या कितीतरी आधी. काकांचे हाल बघत होते ना गं. तो मासा नको होता, म्हणून गप्प बसले.”

तिला आणि तो मासा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हा नसता तर ही तेव्हाच बोलली असती.