नववी सही

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाश्वतता समितीची बैठक एकदाची झाली! विद्यापीठाने पाणी, वीज, जमीन जपून वापरावी, हे बघणारी समिती. याआधी दोनदा माणसांअभावी बारगळली. आजही अकराला खोलीत आठच टाळकी. नऊ लागतात, नाहीतर बैठकच नाही. कुलगुरू घड्याळाकडे बघतायत, कुलसचिव दाराकडे. मी चहा सांगून परत येते तर काय, बैठक सुरू! हजेरीपत्रकावर नऊ सह्या. कुलसचिवांनी त्या मोजल्या, वाचल्या नाहीत. आम्ही त्यांना मागून शिक्कासाहेब म्हणतो ते उगीच नाही.

ठराव एकच, पण मोठा. ग्रंथालयामागची रोपवाटिका आणि पावसाच्या पाण्याची टाकी राहणार, तिथे गाड्यांचा तळ होणार नाही. आज ठरलं नसतं तर या आठवड्यात खोदकाम होतं. मंजूर म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की दोन चहा प्यायले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

इतिवृत्त लिहायला बसले आणि सह्या एकेक करून वाचल्या. नववी सही माळीकाकांची! काल ते खोलीच्या कोपऱ्यातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. कागद फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला असणार, बिचाऱ्यांनी केली सही. आमच्याकडे कागद समोर आला की सही करायची, ही वरपासून खालपर्यंत सगळ्यांचीच सवय.

म्हणजे माणसं आठच. म्हणजे ठराव रद्द. म्हणजे रोपवाटिका गेली — काकांनी एकवीस वर्षं पोरासारखी वाढवलेली! साहेबांना सांगावं तर ती जाते. काकांचं नाव गाळून दुसऱ्या कुणाचं घालावं तर... छे. सव्वीस वर्षांत इतिवृत्तात खोटं अक्षर लिहिलेलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं तर हसत सुटले. म्हणे, "घडलं तेच लिही. वाचतंय कोण?" माझ्या आयुष्यभराच्या कामाबद्दल हे मत! दोन तास बोलले नाही.

मग तसंच लिहिलं. उपस्थित, क्रमांक नऊ : माळी, उद्यान विभाग. सर्वांना पाठवलं. हरकत घ्यायला पंधरा दिवस.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एक हरकत आली! पाकीट फोडताना जीव टांगणीला. ग्रंथपालांची निघाली — त्यांच्या नावापुढची पदवी लिहायची राहिली होती. जो तो आपलं नाव तेवढं वाचतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रोपवाटिकेवरून जात होते. काकांनी हाक मारून एक रोप हातात ठेवलं, "खिडकीत ठेवा, ऊन लागेल असं." घेताना चोरी केल्यासारखं वाटलं. त्यांना काही कल्पनाच नाही, आणि मी बोलू शकत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मुदत संपली. इतिवृत्त कायम! ह्यांना सांगितलं नाही. उगाच शेफारतील.

सोमवार, ३ मार्च

बाहेरची मंडळी मूल्यांकनाला आली. त्यांच्या अध्यक्षबाई नेमक्या इतिवृत्त वाचणाऱ्या निघाल्या. बोट थेट क्रमांक नऊवर.

"हे माळी समितीवर आहेत?"

शिक्कासाहेबांचा चेहरा पांढराफटक. मी टेबलाखाली पायातली चप्पल शोधायला लागले. कुलगुरूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि अगदी संथपणे म्हणाले, "अर्थात. जमिनीचं ठरवताना ती राखणाऱ्याला विचारायलाच हवं."

बाई खूश! म्हणाल्या, इतकी विद्यापीठं पाहिली, कारभारात माळी कुठेच दिसला नाही. दुपारी आदेश निघाला : माळीकाका कुलगुरूंनी नेमलेले सदस्य, मागची हजेरीही ग्राह्य. नेमायची ती जागा दोन वर्षं रिकामीच होती म्हणे. शिक्कासाहेबांनी यावेळी आदेश दोनदा वाचला, मग शिक्का मारला. रोपवाटिका वाचली! घरी येताना खिडकीतल्या रोपाला नवी कुंडी आणली.

मंगळवार, ४ मार्च

आदेश द्यायला रोपवाटिकेत गेले. आता सांगायला हरकत नव्हती. म्हटलं, काका, त्या दिवशी चुकून सही केलीत आणि केवढा घोळ झाला माहीत आहे?

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आदेश पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मगच सही केली.

"चुकून नव्हती, ताई. हजेरीच्या कागदावर वरतीच लिहिलं होतं ना, नऊ लागतात म्हणून. मी मोजले. आठच होते."