अर्ध्याच्या वर, अर्ध्याच्या खाली

दादा, तरीबी मी म्हणतो, आपल्या सोयाबीनच्या पोत्याचे ते चारशे ग्रॅम तुमी सोडायला नव्हते पायजे. गंगाखेडच्या मोंढ्यात तुमी मापाडी, काट्यावर अठ्ठेचाळीस पॉइंट चार दिसतंय, अन् तुमी मोठ्यानं पुकारता, "अठ्ठेचाळीस!" मी, तुमचा पोरगा, सगळ्यांसमोर म्हणलो, "घरच्याच मालाला कापता? व्यापाऱ्यानं काय चारलं तुमाला?" हमाल हसायले. एक म्हणला, "घ्या मापाडी, तक्रारवाला घरातूनच आला." तुमी काट्यावरची नजर काढली न्हाई. "अर्ध्याच्या वर असलं की पुढचा किलो, खाली असलं की मागचा. काट्याला घरचं-दारचं नसतं. पुढचं पोतं ठेव." मी ठेवलं न्हाई, तसाच निघून गेलो. नववीतून शाळा आधीच सुटली होती, त्या आठवड्यात गावबी सुटलं. तुमी गेले तवा मी दोन दिवसांनी पोचलो. भांडण तसंच राहिलं.

आता मी राजकोटला इलेक्ट्रॉनिक काटे बनवायच्या शेडमधी हाय. आधी नुसते स्क्रू पिळायचो, आता शेडच्या इंजिनिअर मॅडम काट्यातल्या चिपसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहायला शिकवायल्यात. परवा पूर्ण किलो दाखवायचे म्हणून मी पॉइंटवाला आकडा सरळ इंटमधी, म्हंजे नुसत्या पूर्ण आकड्याच्या खान्यात, टाकला. काट्यावर ठेवले एकोणपन्नास पॉइंट नऊ, दिसले एकोणपन्नास. मला वाटलं वायर सैल हाय. दोनदा काटा खोलला. मॅडम म्हणल्या, "तुम गोल नहीं कर रहे, काट रहे हो." गोल म्हंजे जवळच्या पूर्ण आकड्याला नेणं; इंटमधी टाकलं की सी भाषा पॉइंटच्या मागचं तोडूनच टाकते, नऊ असो का एक. आधी अर्धा मिळव, मंग तोडू दे, म्हणल्या. एकोणपन्नास पॉइंट नऊचे पन्नास पॉइंट चार झाले, तुटून पन्नास. मी मुद्दाम अठ्ठेचाळीस पॉइंट चार टाकले. अर्धा मिळवून अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ, तुटून अठ्ठेचाळीस. दादा, हे तर तुमीच पुकारायले.

मोंढ्यातले बाकीचे मापाडी सरसकट तोडायचे, माझ्या पहिल्या प्रोग्रामसारखं. म्हणून का लोक तुमच्याच काट्यापुढं थांबायचे? मला वाटायचं, तुमच्या काट्यावर लिंबाची सावली हाय म्हणून. पण डोकं अजून फिरलेलंच हाय. रिकामं घमेलं ठेवून शून्य केलं अन् उचललं, की काटा उणे दाखवतो. उणे एक पॉइंट सहात अर्धा मिळवला तर उणे एक येतंय, पायजेत उणे दोन. मॅडम म्हणतात, शून्याच्या खाली अर्धा वजा करायचा. तिथं नियम उलटा का, मला कळंना. तुमाला इचारलं असतं तर म्हणले असते, पुढचं पोतं ठेव.

त्या दिवशी आपली अकरा पोती होती. मी एकाच पोत्याचा आकडा पाहिला अन् तुमाला चोर ठरवलं. बाकीच्यांत किती वर गेले, किती खाली, मला ठाऊक न्हाई. आईला कधी इचारलंबी न्हाई.

ही चिठ्ठी कुठल्या पत्त्यावर टाकायची, म्हणून टाकत न्हाई. खर्च जाऊन जे उरतंय त्यातले मी आईला चार हजारच पाठवत आलो, वरचे तोडून. या महिन्यात चार हजार सातशे उरले. चहा-नाष्ट्यातले तीनशे घालून पाठवायलोय, पाच हजार.