कॉम्प्युटरला लावलेला लाल टॅग

१८ मे २००४, सकाळी ९.१०
ऊर्जानगर, क्वार्टर. ही वही लॉगबुकसारखी ठेवायची. वीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये सरकारी युनिटच्या नोंदी करतोय, आता घरच्याही. नियम तेच. खाडाखोड नाही. चूक झाली तर एका रेघेने खोडायचं आणि बाजूला सही. शेवटी 'सर्व नॉर्मल'.

आजची घटना. कॉम्प्युटरवर आपोआप एक चौकट आली की साठ सेकंदांत मशीन बंद होणार. एकोणसाठ, अठ्ठावन्न. व्हायरस. मी घाबरलो नाही. पोर्चमध्ये जाऊन घराचा मेन स्विच पाडला. शकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक कॉम्प्युटर बंद होऊन राह्यला, तर तुमी पूर्ण घरच बंद केलं का जी?" बायकोला सेफ्टी समजत नाही. सर्व नॉर्मल.

२३ मे, रविवार
आमच्या प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमधला वाजिद घरी आला होता. विंडोज पुसून त्याने लिनक्स टाकलं. मासिकाबरोबर आलेली सीडी. व्हायरसची कटकट संपली. बाहेरचा मोडेमही त्यानेच जोडून दिला.

जाताना म्हणाला की रूट नावाचा एक युजर असतो, त्याला सगळे अधिकार. रूट होऊन चुकीची एक ओळ टाईप केली की सगळं साफ, आणि मशीन 'नक्की का?' असं विचारतही नाही. हे ऐकून मी खुर्ची दोन फूट मागे घेतली. पंख्याचा वारा तिथे जास्त लागतो.

४ जून
आमची माधवी बारावी पास. एक्क्याऐंशी टक्के. कॉलनीत पेढे वाटले. तिला पुण्याच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्सला जायचं आहे. हॉस्टेलला राहून. फॉर्म यंदा फक्त नेटवर. शेवटची तारीख ३० जून, संध्याकाळी पाच.

चंद्रपुरातही कॉलेज आहे. कंपनीची बस दारातून जाते. हे मी फक्त माहितीसाठी सांगितलं.

५ जून
लिनक्सबरोबर आलेल्या ब्राउझरमध्ये कॉलेजचं पान उघडतं, पण फॉर्म पुढे सरकवायचं बटण दिसत नाही. वाजिद म्हणाला, साइटच तशी बनवली आहे, दुसरा ब्राउझर टाका, पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटांचं काम म्हणणाऱ्यांनीच प्लांटमध्ये अपघात केलेत. ब्राउझर मी निवडणार, मीच टाकणार. तसं माधवीला सांगितलं. ती म्हणाली की चंद्रपुरात नेट कॅफे आहे. मी म्हणालो, घरी इंजिन असताना बैलगाडी कशाला.

७ जून
प्लांटमध्ये मशीन उघडायचं तर आधी परमिट काढतात आणि लाल टॅग लावतात, 'काम चालू आहे. हात लावू नये.' ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याचा टॅग काढला म्हणून एका फिटरची दोन बोटं गेली, ही गोष्ट माधवीने लहानपणापासून जेवताना ऐकली आहे.

भंगारातले दोन टॅग आणले. एक मॉनिटरला बांधला. एक जादा, ड्रॉवरमध्ये. परमिट मीच मागितलं, मीच मंजूर केलं. माधवीने टॅग वाचला आणि आत गेली. शिस्त अशी असते. सर्व नॉर्मल.

९ जून
मायलेकी चपला घ्यायला बसने चंद्रपूरला गेल्या. चार तासांनी चपला न घेता परत आल्या. बायकांचं बाजारात असंच.

मी तेवढ्यात तुलनात्मक तक्ता केला. ऑपेरा चांगला, पण वर जाहिराती. मोझिला जड, आमच्या मशीनला झेपेल का शंका. तिसरा फायरफॉक्स. त्याचा अभ्यास बाकी. परमिट वाढवलं.

१७ जून
वाजिदने ऑफिसातून फायरफॉक्स सीडीवर आणून दिला. म्हणाला, हलका आहे, हाच टाका. मी आवृत्ती बघितली. शून्य पूर्णांक नऊ.

म्हणजे एकसुद्धा पूर्ण नाही. कमिशनिंग, म्हणजे शेवटची चाचणी, न झालेलं युनिट ग्रिडला जोडायचं? मी म्हणालो, एक पूर्णांक शून्य येऊ दे. तो कधी येणार विचारलं तर म्हणाला, दिवाळीपर्यंत येईल. मग दिवाळी.

वाजिद हसला. "डोमाभाऊ, काऊन इतके भेऊन राह्यले? ब्राउझर हाय, बॉयलर नाई." ही भीती नाही, सावधगिरी आहे. फरक कळायला अनुभव लागतो.

२१ जून, दुपारी ४.३०
हिंमत करून रूट झालो. काळ्या पडद्यावर पांढरी चौकोनी खूण लुकलुकत होती. मी हात मांडीखाली घेऊन बसलो, चुकून एखादी कळ दाबली जाऊ नये म्हणून. पंधरा मिनिटं. मग मेन स्विच पाडला. शकूच्या फ्रिजमधला बर्फ वितळला. आकाशात ढग होते, वीज पडू शकली असती. परमिट वाढवलं.

२५ जून
विचार केला. तारीख निघून गेली तर त्यात कोणाचाच दोष नाही. सिस्टिम तयार नव्हती. चंद्रपूरला बस आहे, डबा घरचा, संध्याकाळी साडेपाचला मुलगी घरी.

गंमत म्हणजे माधवी शांत आहे. फॉर्मबद्दल विचारतही नाही. आज तिने मला चहा करून आणला आणि म्हणाली, "बाबा, होईल जी आरामात. तुमी टेन्शन नका घेऊ." नाद सोडला असावा तिने. हे मला हवं तसंच झालं. जेवण गेलं नाही.

२९ जून
कॉम्प्युटर बाबासाहेबांच्या फोटोखाली आहे. आज खुर्ची अशी फिरवली की फोटो पाठीमागे यावा. पाठीमागे आला तरी तिथेच असतो.

मी चौथी शिकायला कुरखेड्याला मामाकडे गेलो तेव्हा आई नाल्यापर्यंत सोडायला आली होती. तिने मला काही टॅग वगैरे लावला नव्हता.

३० जून
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दीड वाजता घरी. मायलेकी विहारात गेलेल्या. रूट झालो. पासवर्ड तीनदा चुकला. वाजिदने कागदावर लिहून दिलेल्या दोन ओळी एकेक अक्षर बघून टाईप केल्या.

चार मिनिटं लागली. शून्य पूर्णांक नऊ सुरू झाला. काही फुटलं नाही.

कॉलेजचं पान उघडलं, बटणही दिसलं. माधवीचा बारावीचा सीट नंबर भरला आणि बटण दाबलं. उत्तर आलं की या नंबरचा अर्ज ९ जूनलाच मिळाला आहे.

९ जून. चपलांचा दिवस.

संध्याकाळी शकूला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "भरला तवाच. पोरगी म्हणे, बाबा भेऊन राह्यले, त्याईले थोडा टाइम द्या." सांगितलं का नाही विचारलं. तर म्हणाली की तुमचं काम चालू होतं, टॅग होता, हात कसा लावणार.

टॅग काढला. काम पूर्ण.

१० जुलै
पत्र आलं. प्रवेश मिळाला, हॉस्टेलही. पंधरा तारखेच्या आत हजर व्हायचं. मी पत्र दोनदा वाचलं आणि कॉलनीत पेढ्यांची ऑर्डर देऊन आलो. येताना विचार केला की पुण्यात पाऊस फार असतो, तिथलं पाणी जड असतं, आणि निदान मोठी बॅग तरी तिने एकटीने उचलू नये. थोडं सामान कमी करावं म्हणून तिच्या खोलीत गेलो.

पलंगावर नवी बॅग, चेन लावलेली. कडीला लाल टॅग. ड्रॉवरमधला जादा. 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली सही, माधवी डोमाजी रामटेके.

ज्याने लावला त्यानेच काढायचा. मी बॅगेशेजारी बसलो. हात मांडीखाली घेतले.

ही सावधगिरी नाही, भीती आहे. १८ मेपासून आहे. खरं तर माधवी जन्मली तेव्हापासून.

'सर्व नॉर्मल' लिहिलं होतं. एका रेघेने खोडलं. सही, डो. रा.