बाळ रडलंच नाही

रत्नागिरी, १२ मार्च १९८६

मुंबईतल्या नव्या बाबांस तुळसाचा नमस्कार.

काल इस्पितळात आपल्या बाळाला क्षयाची लस टोचली. नर्स सुनेत्राबाई म्हणाल्या, "त्याला पदराखाली घे. पिताना सुई कमी बोचते." सुई दंडात गेली. बाळाने एकदा कपाळाला आठी घातली आणि पुन्हा प्यायला लागलं.

दाराबाहेर आई नातवाच्या रडण्याची वाट बघत होत्या. आवाज आला नाही, तशा तरातरा आत आल्या.

"पोर रडला नाय, म्हंजे औषद आत गेलाच नाय. बाय, परत टोच!"

मी बाळाला घट्ट धरलं. आजवर त्यांना उलट बोलले नव्हते, पण काल म्हटलं, "आधी मला टोचा."

सुनेत्राबाईंनी बाळाच्या दंडावरचा मसुराएवढा फुगवटा दाखवला. "मग हे काय, डास चावलाय होय, आजी?"

आईंनी तो चष्मा लावून दोनदा बघितला. मग खाटेखाटेपाशी जाऊन सांगत सुटल्या, "माझा नातू बापावर गेलाय! सुईला भीत नाय!"

तेच त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेऊन तुम्हाला धाडलंय. गेल्या शिमग्याला तुमच्या पायात खिळा घुसला तेव्हा इंजेक्शन घेताना तुम्ही माझं मनगट कसं आवळलंत, ते त्यांना कुठे ठाऊक? वॉर्डभर झालेली तुमची कीर्ती वाचून तुम्ही खूश व्हाल; तो आनंद मोडवत नाही, म्हणून हे पत्र ट्रंकेतच ठेवते.

बाळाच्या पुढच्या सुईला मात्र सुट्टी काढून या, एवढं वेगळ्या कार्डावर कळवीन. त्याला मी धरीन, तुम्हाला आई धरतील.

तुमची,
तुळसा