झेंडूच्या माळेखालचं पातं

आप्पा, तुमच्या जावयानं घरात लाकूड कापायचं मशीन आणलं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. तुम्ही त्यांना बघितलंच नाही; तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. माणूस चांगला आहे. पण यंदा निवृत्त झाल्यापासून घरच्या घरी सगळं बनवायचं खूळ डोक्यात शिरलंय, आणि बनवण्यापेक्षा मोठं खूळ म्हणजे मशीन स्वस्तात मिळवायचं. सकाळचा चहा गार होतो आणि हे फोनवर भाव बघत बसतात. इथं दसऱ्याची ऑफर, तिथं कार्डावर सूट. मग तोच फोन घेऊन कॅम्पातल्या दुकानात जायचं आणि म्हणायचं, "हे बघा की, ऑनलाइन एवढ्याला मिळतंय, तुम्ही किती करता?" ड्रिल असंच आणलं. चांगलं निघालं. भिंतींना इतकी भोकं पाडली की टांगायला वस्तू मी कुठून आणू? तोवर मी हसत होते.

मग चार दिवसांपूर्वी जवळच्या काकती गावाहून हा कटर आला. तिथला एक जण वर्कशॉप बंद करत होता, त्यानं अर्ध्याहून कमी किमतीत देऊन टाकला. हातात धरायचा, वाटोळ्या पात्याचा. पात्यावर झाकण नाही. "अगं, गार्ड नाही म्हणून तर इतक्या स्वस्तात मिळाला!" असं म्हणाले, लॉटरी लागल्यासारखे. मोटरचा आवाज बघ, वायर बघ, काय काय सांगत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. ते पातं दिसत होतं आणि त्याच्याजवळ फिरणारी त्यांची बोटं. चपलांचं कपाट करणार म्हणे, दसरा झाला की लगेच. मी चिडले. "माझ्या वडलांची दोन बोटं अशाच मशीनवर गेली, ठाऊक आहे ना?" तर म्हणाले, "अगं, ते मशीनच खराब होतं. तूच सांगतेस की."

व्हय, मीच सांगत आलेय. सासरी, शेजारी, लेकीला. सदलग्याहून आणलेलं जुनं मशीन, त्यानंच घात केला. मशीन बिचारं काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता मी नुसत्या झाकणासाठी बाजार पालथा घातला. फोनवर कटरचा फोटो काढून नेला होता. तीन दुकानं फिरले. शेवटचा दुकानदार फोटो बघून म्हणाला, "आक्का, ह्याचं गार्ड सुटं मिळत न्हाय. कोण विकलं तुमाला हे? नवीन घ्या कव्हरसकट, स्वस्ताच्या नादाला लागू नका." त्याच्या काउंटरवर हात टेकून मी उभी राहिले. तो पाणी देऊ का म्हणाला.

आप्पा, निपाणीचं आपलं सुतारकामाचं दुकान मला अजून तसंच दिसतं. खंडेनवमी आहे. तुम्ही रंधे, पटाशा, हातकरवती पुसून फळीवर मांडल्यात. आई घरात विळी, खुरपं, कोयता मांडते आणि प्रत्येकाच्या पात्याला कुंकू लावते. करवतीचं मोठं मशीन पुसायचं काम तुम्ही मला दिलंय. मी पुसते, आणि कुंकवाची वाटी घेऊन अडून बसते. विळीच्या पात्याला कुंकू, कोयत्याच्या पात्याला कुंकू, मग करवतीचं पातं झाकलेलं का? पूजा पोचणार कशी? मी पाना घेते, दोन बोल्ट काढते, झाकण उचलून भुश्याच्या पोत्यामागं ठेवते. पात्याला पाच बोटं ओढते. वरून झेंडूची जाड माळ घालते, पातं पार झाकून जातं. तुम्ही येता, बघता आणि म्हणता, "लई झ्याक पुजलंस गं!" झाकण लावायचं राहून गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान उघडलं. बटण दाबलं, करंट नव्हता. म्हणालात, तोवर माळ तरी काढू. फुलांखाली झाकण आहे असं समजून तुम्ही बिनधास्त हात घातला, आणि करंट आला. मी दारात होते. झेंडू सगळीकडं उडाला. पुढचं मला लिहिता येत नाही.

दवाखान्यात तुम्ही आईला सांगत होता, "मीच काढलं असंल धुवायला. ध्यानात न्हाय बघ." मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. तुम्ही घरी यायच्या आधी मी दुकानात जाऊन झाकण परत बसवलं. तुम्ही आलात, बँडेज बांधलेला हात छातीशी धरून मशीनसमोर कितीतरी वेळ उभे राहिलात. मग डाव्या हातानं पाना घेतला, एक बोल्ट काढला, म्हणालात, "बोल्टाखालचा वायसर उलट्या बाजूला लागलाय." नीट लावला. माझ्याकडं बघितलं नाही. पुढच्या वर्षापासून आपल्या दुकानात कुंकू झाकणालाच लागलं.

काल खंडेनवमी झाली. ह्यांनी ड्रिल आणि कटर पाटावर मांडले, कुंकवाचा करंडा घेतला, आणि मला हाक मारली, "अगं, ह्याला कुठं लावू? पात्यालाच लावतो." दुसऱ्या हातात झेंडूची माळ होती. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. माळ हिसकावून घेतली आणि तिथंच फरशीवर बसून सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. मशीन खराब नव्हतं, झाकण मी काढलं, आप्पांनी आपल्या अंगावर घेतलं. "लहान होते हो मी," मी म्हणाले, "पाच-सहा वर्षांची. माळेच्या नादात विसरून गेले." पाच-सहा वर्षांच्या पोरीला पान्यानं बोल्ट सुटतो का, हे काही त्यांनी विचारलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "देऊन टाकतो उद्या परत. त्यानं पैसे नाही दिले तरी चालेल."

आज सकाळी पिशवीत घालून काकतीला घेऊन गेलेत. आत्ताच फोन आला, येताना कव्हरवाला नवा कटर बघून येतो म्हणाले, भाव पाडूनच घेणार म्हणे. मी बरं म्हणाले. ही वही मी तांदळाच्या डब्यामागं ठेवणार, लेकीलासुद्धा दाखवणार नाही.

आप्पा, मी पाच-सहा वर्षांची नव्हते. अकरा पूर्ण झाली होती. आणि मी विसरलेही नव्हते. सोनं वाटून आल्यावर मला आठवलं होतं, मी दुकानात जाऊन मशीनसमोर उभीसुद्धा राहिले होते. झाकण लावायचं तर माझी माळ काढावी लागली असती, म्हणून लावलं नाही.