तीन मुळ्या आणि पोतं

एल्को, नेवाडा
१९ फेब्रुवारी

बाबा,

'नाही' लिही आणि मोकळा हो, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगितलंत आणि तिसऱ्यांदा मी बोलायच्या आत फोन ठेवलात. म्हणून आता कागद. कागद मध्येच ठेवून देता येत नाही. शेकोटीत घालता येतो, पण त्यासाठी उठावं लागतं, आणि तुमचा गुडघा थंडीत काय म्हणतो ते शेजारच्या रेलीनकडून कळलंय. तिने सांगितलेलं तेल लावत जा. मी बरा आहे.

इथे अजून बर्फ आहे. म्हाताऱ्यांना खुर्चीसकट गाडीत चढवून डायलिसिसला नेतो नि आणतो, ते काम चालू आहे. संध्याकाळचा ॲम्ब्युलन्सचा वर्ग संपला. शंभरपैकी एक्क्याऐंशी मिळाले. शिकवणाऱ्या बार्लोबाई म्हणाल्या, दहावीत शाळा सोडलेल्याला एवढे म्हणजे कॉपी केली असावी. त्या हसल्यावर गंमत आहे हे कळलं. खाणीच्या ॲम्ब्युलन्सवर जागा आहे. पगार आताच्या दीडपट. त्यांनी माझ्यासाठी एक तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. फक्त परवाना पाहिजे.

रेलीन सांगत होती, तुम्ही म्हणालात की पोरगा कागदावर धुऊन निघालाय, मग स्वतःच्या हाताने चिखल कशाला फासून घेतोय. कशाला ते सांगतो. परवान्याच्या अर्जातला चौदावा प्रश्न असा आहे: कधी शिक्षा झाली आहे का? कोर्टाने नोंद पुसली असली किंवा सील केली असली तरी 'हो' लिहावे.

जज साहेब आपल्या दोघांसमोर म्हणाले होते की कायद्याच्या दृष्टीने आता हे घडलंच नाही. म्हणाले होते, खरं आहे. तो हुकूम माझ्या ट्रंकेत आहे. मी तो बार्लोबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "घरमालकाला नाही सांग, किराणावाल्याला नाही सांग, लग्न करशील त्या मुलीला हवं तर सांग. पण हे लोक तुला दुसऱ्याच्या छातीवर हात ठेवायची परवानगी देणार आहेत. त्यांना बोटांच्या ठशांवरून सगळं दिसतं. ते फक्त बघतात, तू सांगतोस का." मागच्या वर्षी त्यांच्या वर्गातल्या एका पोराने 'नाही' लिहिलं. गुन्हा काय, तर एकोणिसाव्या वर्षी दारू पिऊन केलेली मारामारी. त्याचा परवाना मारामारीमुळे नाही गेला, त्या 'नाही'मुळे गेला.

तर मी 'हो' लिहिलं. तिथे काही अडलं नाही. 'हो'च्या खाली एक कोरं पान आहे, काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहा म्हणून. ते मी चार वेळा लिहिलं.

पहिल्यांदा कोर्टात बोललो तेच लिहिलं. कॉम्ब्सच्या डोंगरावर एकटा गेलो, त्यांनी लावलेल्या जिनसेंगच्या महागड्या औषधी मुळ्या खणल्या, पकडलो गेलो, तीन मुळ्या सापडल्या, तीन मुळ्यांची भरपाई आणि दंड दिला, तीस दिवस आत राहिलो. तळाशी छापलंय की वरील सर्व खरं आहे. पेन घेऊन बसलो, सही झाली नाही. पुढच्या दोन वेळा लिहिलेलं सांगण्यासारखं नाही. त्यात मी बराच चांगला माणूस होतो.

आजोबांचा नियम तुम्हालाही माहीत आहे. मुळी काढली की तिची लाल फळं त्याच खड्ड्यात बोटाच्या पेराएवढी खोल दाबायची, वर पाला सारायचा. तुम्ही त्या सकाळी म्हणालात, लोकाच्या रानात कसली पेरणी करतोस, चल. पोतं तुमच्या खांद्यावर होतं. मी मागे बसून बिया दाबत राहिलो. धुकं होतं. कुत्रं भुंकलेलं तुम्ही आधी ऐकलंत, कारण मी वर बघितलं तेव्हा तुम्ही नव्हता.

एस्टिल कॉम्ब्स म्हणाले, "एकटाच आलास?"

मी म्हटलं, "एकटाच."

त्यांनी माझ्या हातातली फळं बघितली. मग चिखलातले बुटांचे ठसे बघितले. ठसे दोन मापांचे होते. ते काही बोलले नाहीत. कोर्टातही बोलले नाहीत. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये तुमच्या पुढच्या बाकावर ते सात वर्षं दर रविवारी बसतात, तर कळलेलं बरं.

त्या रविवारचंही रेलीननेच सांगितलं. मी आत असताना तुम्ही चर्चमध्ये उभे राहिलात आणि सगळ्यांसमोर मला माफ केलंत. बायका रडल्या म्हणे. मी सुटून आलो तेव्हा जेवताना विचारणार होतो. पण तुम्ही मक्याचा पाव पुढे सरकवलात आणि ट्रकचा गिअरबॉक्स आता कसा लोण्यासारखा चालतो ते सांगायला लागलात. मी पाव घेतला.

चौथ्यांदा लिहिलं ते असं: मी एकटा नव्हतो. माझे वडील बरोबर होते. पोतं ते घेऊन गेले. कोर्टात मी खोटं बोललो, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. एवढंच. पान अर्धं रिकामं राहिलं. बार्लोबाई म्हणाल्या, कोर्टातलं खोटं कबूल केलंस, त्यावरूनही ते अडवू शकतात. मी म्हटलं, अडवू देत. काल पाकीट टपालात टाकलं.

इतक्या वर्षांनी तुम्हाला कोणी धरायला येणार नाही, असं बाई म्हणतात. मला वाटतं, तुम्हाला भीती त्याची नाहीच. पण खातरजमेसाठी ते लोक कॉम्ब्सना फोन करतील. आठ-दहा दिवस आहेत. तुम्ही त्यांच्याकडे आधी गेलात तर फोन नंतर येईल.

रिकाम्या हाताने जाणं जड वाटेल, म्हणून सोबत मनीऑर्डर आहे. नाव एस्टिल कॉम्ब्सचं, पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता तुमचा. तीन मुळ्यांचे मी तेव्हाच भरले होते. हे पोत्याचे. आकडा गॅरेजच्या त्या गिअरबॉक्सच्या पावतीवरून घेतलाय, ट्रकच्या सीटखाली होती. तुम्हीच नेऊन द्या. काय बोलायचं ते मी लिहून देणार नाही.

तुमचा,
लॉनी

सोबत: आठशे साठ डॉलर.